तेलाचं कापड, तेलाची भाकरी

भिवंडीत सायझिंगच्या कारखान्यात शिरलं की मागाच्या खडखडाटाआधी वास येतो, पातेल्याच्या बुडाला लागलेल्या पेजेचा. सूत मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ द्यावी लागते, नाहीतर धागा घासून घासून तुटतो. ही खळ म्हणजे मुळात अन्नच. मक्याचा स्टार्च, साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचा स्टार्च, चिंचोक्याचं पीठ. घोंगड्या विणणारे सनगर तर चिंचोके शिजवूनच खळ करत आले. पण कापडाच्या धंद्यात याच खळीत आता पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाची पांढरी पूडही पडते. ती पेट्रोलियमची नात. आणि बीमवर गुंडाळलेलं पॉलिएस्टरचं सूत ही तिची चुलत बहीण. तेलाच्या सुताला तेलाची खळ लावून ग्रे कापड निघतं आणि टेम्पोत भरून रवाना होतं. तेलाचं कापड होतं याचं भिवंडीत कुणालाच नवल नाही. तेलाची भाकरी होते म्हटलं तर मात्र लोक हसतील.

ही खळ पुढे धुतली जाते, तेव्हा सांडपाण्यात एक चमत्कारिक गोष्ट घडते. स्टार्चची खळ पाण्यात गेली की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलला मात्र ते सहसा तोंड लावत नाहीत; ते तसंच पुढे वाहत जातं. म्हणजे जिवाणूंना मका कळतो, पेट्रोलियम कळत नाही, असा निष्कर्ष काढावासा वाटतो. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत असे. मग १९०६ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टला सोहंगेन नावाच्या संशोधकानं मिथेन खाऊन जगणारा जिवाणू दाखवला. त्यानंतर पेट्रोलच्या टाक्यांच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यात, विमानाच्या इंधनात, तेलानं भिजलेल्या मातीत असे तेलखाऊ जीव सापडत गेले. तेल कंपन्यांच्या लेखी ते उपद्रवी होते, धान्याच्या कोठारातल्या किड्यासारखे.

त्यांच्याकडे उलट्या बाजूनं पाहिलं ते आल्फ्रेड शाम्पान्या या फ्रेंच माणसानं. १९५० च्या दशकाच्या शेवटी तो ब्रिटिश पेट्रोलियमच्या फ्रेंच कंपनीत होता आणि मार्सेलजवळच्या लाव्हेरा इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काम चाललं होतं. तिथली अडचण अगदी घरगुती होती. थंडीत खोबरेल तेल गोठतं तसं डिझेलच्या जातीचं गॅस ऑइल थंडीत घट्ट होतं, कारण त्यात मेण असतं. हे मेण म्हणजे कर्बाच्या सरळ साखळ्या, पॅराफिन. ते काढायला तेल थंड करून गाळायचं, द्रावकं वापरायची, खर्च करायचा. शाम्पान्यानं विचार केला तो असा, की मेण काढण्यापेक्षा ते कुणाला तरी खायला घालावं.

कँडिडा लिपोलिटिका नावाचं एक यीस्ट आहे. नावातच चरबी फोडणं आहे. मेणयुक्त तेल, पाणी, थोडा अमोनिया, फॉस्फेट आणि भरपूर हवा अशा घुसळणीत हे यीस्ट सोडलं, तर ते सरळ साखळ्यांचं पॅराफिन वेचून खातं आणि फांद्या फुटलेली, कड्या असलेली उरलेली हायड्रोकार्बनं तशीच टाकून देतं. पोह्यातले शेंगदाणे वेचून खाणाऱ्या मुलाची आठवण व्हावी असा त्याचा काटेकोरपणा. तेल मेणमुक्त होऊन बाहेर आलं, थंडीतही वाहू लागलं. हवं होतं ते मिळालं. आणि गाळणीवर उरलं ते यीस्ट धुऊन वाळवलं, तेव्हा त्या फिकट पुडीत निम्म्याहून अधिक प्रथिन निघालं. माणूस तेल साफ करायला गेला आणि हाती पीठ लागलं.

१९६३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शाम्पान्या आणि त्याच्या सहकाऱ्यांचा छोटा निबंध आला: पेट्रोलियमपासून प्रथिन-जीवनसत्त्वांचा अर्क. त्यातलं गणित भुरळ घालणारं होतं. साखरेवर वाढवलेलं यीस्ट किलोला अर्धा किलो भरतं. पॅराफिनवर वाढवलेलं किलोला जवळजवळ किलोभर. यात जादू काही नाही. साखरेत प्राणवायू आधीच भरलेला असतो, म्हणजे ती अर्धी जळूनच आलेली असते. पॅराफिनमध्ये प्राणवायू अजिबात नाही. यीस्ट तो हवेतून घेऊन स्वतःच्या अंगात बसवतं. पण त्याची किंमतही तिथेच चुकवावी लागते. हवा दुप्पट-तिप्पट फुंकावी लागते, तेलाचे बारीक थेंब होईपर्यंत घुसळावं लागतं आणि त्या जळण्याची उष्णता इतकी निघते की टाकी सतत थंड करत राहावं लागतं. म्हणजे यीस्टनं खाल्लेल्या तेलाखेरीज पंखे, घुसळण्या आणि थंड पाण्याचे पंप चालवायलाही वेगळं इंधन लागतं. जाहिरातीत हे दुसरं इंधन कधी दिसलं नाही.

पुढे सगळंच वेगानं झालं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत या पदार्थाला ‘एकपेशीय प्रथिन’ असं सोवळं नाव देण्यात आलं, कारण जिवाणूंचं पीठ म्हटलं तर कोण खाणार? त्याच सुमाराला बिहारात दुष्काळ होता आणि पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाची जहाजं आपल्या बंदरांना लागत होती. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत आणि आसामच्या तेलक्षेत्राजवळ जोरहाटच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत तेलावर यीस्ट वाढवण्याचे प्रयोग झाले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एक अहवाल काढला. येऊ घातलेलं प्रथिनसंकट टाळण्याबद्दलचा. जगात अन्न कमी आहे हे ठाऊक होतंच. आता सांगितलं जात होतं की खरी दरी प्रथिनांची आहे आणि ती कारखान्यातच भरून निघेल.

इथे या गोष्टीत एक साताऱ्याचा माणूस येतो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनला संख्याशास्त्रात पीएच.डी. केली आणि १९५१ पासून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक. जगात उपाशी किती हा आकडा ज्यांच्या टेबलावरून जाई, ते हे गृहस्थ. प्रथिनांची दरी ज्या आकड्यांवर उभी होती ते आकडे त्यांनी पुन्हा उलगडले. तोवरची रीत अशी होती: माणसाला इतकं प्रथिन लागतं, इतक्यांना त्याहून कमी मिळतं, म्हणून इतके प्रथिनवंचित. सुखात्म्यांनी भारतातल्या आहार पाहण्यांत प्रथिनांचा रकाना आणि उष्मांकांचा रकाना शेजारी शेजारी ठेवला. ज्यांना प्रथिन कमी पडत होतं, त्यांतल्या बहुतेकांना एकूण अन्नच कमी पडत होतं. आणि जे पोटभर ज्वारी-डाळ किंवा गहू-डाळ खात होते, त्यांना प्रथिनं त्याच ताटातून मिळत होती.

हे १९७० मध्ये त्यांनी छापून मांडलं. चुलीत सरपण नसलं तर माणूस घरातला पाट मोडून जाळतो. उपाशी शरीरही मिळालेलं प्रथिन तसंच जाळतं. त्याला यीस्टची पूड द्या नाहीतर दुधाची. अन्न अपुरं असेल तोवर ती चुलीतच जाणार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन मुलांच्या आहारावरून याच निष्कर्षाला आले होते. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत प्रथिनांची गरज खाली आणण्यात आली आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेननं ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाला ‘प्रथिनांची महाफजिती’ म्हटलं. दरी भरायला एक जग कामाला लागलं होतं, आणि भोकाचा पत्ताच चुकला होता.

(सुखात्म्यांचं सगळंच पटावं असं मात्र नाही. पुढे पुण्यात आल्यावर त्यांनी मांडलं की शरीर आपली गरज काही प्रमाणात स्वतःच जुळवून घेतं, म्हणून भुकेल्यांचे आकडे फुगवून सांगितले जातात. त्यावर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. उपाशी माणूस जुळवून घेतो हे खरं, पण कमी हालचाल करून, कमी कामाला जाऊन. त्या वादात मी दांडेकरांच्या बाजूचा आहे.)

खरं सांगायचं तर लाव्हेराचं पीठ माणसांसाठी नव्हतंच. भुकेल्या जगाचं चित्र भाषणांत होतं. कारखान्याचं गिऱ्हाईक होतं युरोपातली वासरं, डुकरं आणि कोंबड्या. माणसाच्या पोटात ते थेट जाण्याला एक सरळ अडसरही होता. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींत न्यूक्लिक आम्लं फार असतात आणि ती पचली की यूरिक आम्ल होतं. रोज दोन ग्रॅमपेक्षा जास्त न्यूक्लिक आम्ल अशा अन्नातून नको, असं ठरलं. ज्याच्या अंगठ्याचा सांधा कधी संधिवातानं सुजला आहे त्याला याचं कारण समजवावं लागणार नाही.

जनावरांच्या बाजारातही हे पीठ टिकलं नाही. जपानमध्ये ग्राहक संघटनांनी, त्यांत गृहिणी मोठ्या संख्येनं, ‘पेट्रोलियम प्रथिन नको’ म्हणून मोहीम उभारली आणि १९७३ मध्ये कंपन्यांनी माघार घेतली. मिनामाताचा पारा त्या देशाच्या ताज्या आठवणीत होता. कारखान्यानं दिलेली निर्वेधतेची हमी तिथं कुणी ऐकून घेणार नव्हतं. सार्डिनियातल्या सारोकला वर्षाला १ लाख टनांचा कारखाना उभा राहिला, पण इटलीच्या आरोग्य खात्यानं परवानगी अडवली. पॅराफिनवर वाढलेल्या यीस्टमध्ये विषम संख्येच्या कर्बसाखळ्यांची स्निग्धाम्लं असतात आणि ती जनावरांच्या चरबीत साठताना दिसली होती. ती घातक ठरली असं नाही. पण ती तिथं काय करतात हे कुणी छातीठोकपणे सांगेना. १९७८ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमनं गाशा गुंडाळला. दरम्यान १९७३ च्या ऑक्टोबरपासून काही महिन्यांत तेलाचा भाव पिंपाला ३ डॉलरवरून १२ च्या घरात गेला होता, त्यामुळे तसंही गणित उरलं नव्हतं. तरी १९७६ मध्ये युनेस्कोनं शाम्पान्याला विज्ञान पुरस्कार दिला. शोध खराच होता, त्यात शंका नाही.

सोव्हिएत संघानं मात्र हे पीठ टनावारी केलं. तिथे भाव कुणी विचारत नव्हतं. लेनिनग्राडजवळच्या किरिशी गावात कारखान्यातून यीस्टची बारीक धूळ हवेत जाई. लोकांना दम्याचा त्रास होऊ लागला, मुलं आजारी पडली आणि १९८७ मध्ये गाव रस्त्यावर उतरलं. धुळीचं दुखणं भिवंडीकरांना नवं नाही. मागावरचा कापसाचा तूस छातीत जातो तेव्हा तोही निसर्गातून आलेलाच असतो.

आता हिशेब. बऱ्याच जणांना या गोष्टीचा शेवट इथंच हवा असतो: तेलाचं अन्न वाईट, शेतातलं चांगलं. मला तसं सरळ दिसत नाही.

सारोकचा कारखाना चालला असता तर त्याच्या १ लाख टन पुडीत साठेक हजार टन प्रथिन असतं. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी टनभर धरलं आणि त्यात ४० टक्के प्रथिन, तर तेवढ्यासाठी दीड लाख हेक्टर जमीन लागते. इतकं रान तोडायचं की नाही, असा तो प्रश्न होता. पाऊस नको, कीटकनाशक नको. आणि नत्र! यीस्टलाही अमोनिया लागतो, पण बंद टाकीत घातलेला अमोनिया जवळपास सगळा पेशींत जातो. भाताच्या खाचरात टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून अधिक नत्र पिकाला मिळतच नाही; ते पाण्यातून वाहतं, हवेत उडतं आणि त्यातलं थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन कर्बवायूच्या २७० पटींहून अधिक ताप देतं.

दुसऱ्या बाजूला कर्ब. लाखभर टन पॅराफिन सरतेशेवटी तीन लाख टनांच्या आसपास कर्बवायू होऊन हवेत जाणार. थोडा टाकीतून, थोडा कोंबडीच्या श्वासातून, थोडा कोंबडी खाणाऱ्याच्या. भाकरी खाऊन आपण जो कर्बवायू सोडतो तो ज्वारीनं गेल्या हंगामात हवेतूनच उसना घेतलेला असतो, उसनवारी फिटते. मेणावर पोसलेल्या कोंबडीचा श्वास मात्र कोट्यवधी वर्षं गाडलेला कर्ब वर काढतो. त्या दृष्टीनं ती कोंबडी आणि मानकोलीच्या गोदामाबाहेर इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रक एकाच जातीचे.

पण शेतातलं अन्नही निव्वळ उसनवारीचं नसतं. २०२३ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त एक अभ्यास आला. नैसर्गिक वायूपासून रसायनांच्या रीतीनं, जिवाणूंशिवाय, चरबी बनवली तर दर किलोकॅलरीमागे ०.८ ग्रॅमहून कमी कर्बवायू. ब्राझील-इंडोनेशियातल्या पामतेलामागे दीड ग्रॅमहून जास्त. जंगल जाळून लावलेल्या पामपेक्षा वायूचं तूप हलकं! वाचून मी दचकलो होतो. यात नवं काही नाही म्हणा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोळशाच्या मेणापासून लोणी केलंच होतं, विटेन शहरात. पण तो आकडा तुलनेचा आहे, आणि तुलना कशाशी हे विसरलं की फसगत होते. जळालेल्या जंगलाशी तुलना केली तर तेल जिंकतं. घरच्या शेतातल्या तिळाशी, करडईशी केली तर जिंकेलच असं नाही. शिवाय शेतात तेल देणारं पीक नुसतं तेल देत नाही. पेंड देतं, वैरण देतं, चार माणसांना काम देतं.

आणि मुळात आपण हे अन्न खात नाही असं थोडंच आहे? गोळ्यावरच्या सरबतात सॅकरीन असेल तर त्याची कुळी कोळशाच्या डांबराची. १८७९ मध्ये फालबर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ते सापडलं ते हात न धुता जेवायला बसल्यामुळे. पण तो चिमूटभराचा मामला. खरं खनिज अन्न आपल्या ताटात येतं ते युरियाच्या पिशवीतून. १९०९ मध्ये हाबरनं हवेतल्या नत्राचा अमोनिया केला, बॉशनं त्याचा कारखाना केला, आणि आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं पोट त्यावर आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या खोदाईच्या रिगनं मुंबईपासून दूर समुद्रात तेल शोधलं, त्या बॉम्बे हायचा वायू अलिबागजवळ थळला आला आणि तिथं त्याचा युरिया होऊ लागला. भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या बाजूला किंवा शेजारच्या वाडा तालुक्यात, जिथं कोलम भात पिकतो, पावसाळ्यात शेतकरी ४५ किलोची पिशवी खांद्यावर घेऊन बांधावरून जातो, तेव्हा त्या पिशवीत २० किलोंहून थोडं जास्त नत्र असतं. ते वायूच्या जोरावर हवेतून ओढून काढलेलं आहे. म्हणजे शाम्पान्यानं टाकीत जे केलं तेच आपण खाचरात करतो, फक्त गळक्या भांड्यातून.

याच खाचरात अजून एक खाणारा सापडला आहे. चिखलातून भात मिथेन सोडतो हे माहीत असतं. त्याच चिखलात तो मिथेन खाणारे जिवाणूही राहतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या भातखाचरांतून असे जिवाणू वेगळे केले. त्यातला एक सूक्ष्मदर्शकाखाली काकडीसारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. हीच संस्था पूर्वी ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ होती आणि निवृत्तीनंतर सुखात्मे तिथेच आकडेमोड करत बसत. योगायोग म्हणायचा, पण मला तो आवडतो.

मिथेनवरचं प्रथिन सध्या पुन्हा बाजारात येऊ पाहतं आहे, मुख्यतः कोळंबी-माशांच्या खाद्यासाठी. परदेशी कंपन्या त्यासाठी जो मिथायलोकॉकस वापरतात त्याचा प्रसिद्ध वाण इंग्लंडमधल्या बाथ गावच्या गरम झऱ्यातला. (वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत अंग शेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.) बंगळुरूला स्ट्रिंग बायो ही कंपनी या वाटेवर आहे. इथं फायदा-तोट्याचं पारडं एकाच प्रश्नावर हलतं: टाकीत सोडला जाणारा मिथेन कुठला? समुद्राखालून काढलेला असेल तर तो शाम्पान्याचाच पाढा. कचऱ्याच्या डोंगरातून, शेणाच्या टाकीतून आलेला असेल तर तो असाही हवेत जाऊन ताप वाढवणारच होता. तो माशाच्या पोटात गेला तर बरंच. जिवाणूला दोन्हींची चव सारखी. फरक पाइपच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि पिशवीवरच्या छापील मजकुरात तो येत नाही.

दुपारी मी एका भिस्सीत जेवलो. मागावरच्या कामगारांच्या खानावळीला भिवंडीत हेच नाव आहे. महिन्याचा हिशेब, लांब पट्ट्यांवर पंगत, बाहेर मागांची खडखड. ताटात भात, डाळ, बटाट्याची भाजी, कांदा. भातातलं नत्र कुठल्याशा युरियाच्या पिशवीतून आलेलं. डाळीतलं तुरीच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंनी हवेतून काढलेलं, वायू जराही न जाळता. लायसिन नावाचं अमायनो आम्ल यीस्टमध्ये भरपूर, म्हणून जग त्याच्यामागे लागलं होतं. भातात ते कमी, डाळीत भरपूर. एकत्र कालवलं की भरपाई होते. माझ्या शेजारचा रात्रपाळीहून आला होता. त्यानं डाळ संपवली नव्हती, पण वाढप्याला हाक मारून आणखी भात मागितला.